लेबलावरचा ‘पो.’

जंगलातून आलेली खोकी उघडायचं काम तिच्याकडे होतं, आणि खोकं उघडलं की ती आधी वास घ्यायची. ओल्या सालीचा, चिखलाचा, कुजत आलेल्या पानांचा. त्याआधी ती खोलीचं दार लोटून घ्यायची, कारण लाकडाच्या खोक्यात नाक खुपसून उभी असलेली बाई कोणाला दिसली असती तर दुपारच्या चहाला आठवडाभराचा विषय झाला असता. बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यापासून जंगलातलं तिच्या वाट्याला जे उरलं होतं ते एवढंच.

खोक्यात असायच्या कांड्या. नळीसारखं लांब गिरमिट झाडात फिरवत नेलं की सालीपासून गाभ्यापर्यंतची, पेन्सिलीएवढी जाड लाकडाची कांडी बाहेर येते. ती पाण्यात बुडवून तिचं आकारमान काढायचं, ओव्हनमध्ये खडखडीत वाळवायची, मग वजन करायचं. लाकूड किती दाट आहे ते त्यावरून कळतं. खोडाचा घेर टेपने आणि उंची यंत्राने जंगलातच घेतलेली असते, त्यावरून खोडाचं घनफळ निघतं. घनफळाला दाटपणाने गुणलं की खोडाचं वजन, आणि फांद्या-पानांसाठी त्यावर आणखी एक गुणक. असं झाड न तोडता झाडाचं वजन सांगायचं, आणि झाडाझाडांवरून अख्ख्या जंगलाचं.

“म्हणजे माणसाला न उचलता तो किती जड आहे ते सांगायचं,” सासूबाई म्हणाल्या होत्या, तिने पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा. “आमच्या आत्याबाईंना जमायचं ते. नुसतं बघून सांगायच्या. त्यांना नाही कोणी पगार दिला.”

हे जंगल पूर्वी तोडून झालेलं होतं. लाकूडवाल्यांनी हवी ती मोठी झाडं पाडली, ओढत नदीपर्यंत नेली आणि ते निघून गेले. आता मागे किती लाकूड उरलंय, किती नव्याने भरतंय, हे सांगायचं काम त्यांच्या संस्थेकडे आलं होतं. त्यासाठी जंगलाचे काही चौकोनी तुकडे आखले होते. आखले होते म्हणजे तिनेच आखले होते. दोऱ्या तिने ताणल्या, झाडांना पत्र्याचे नंबर तिने ठोकले, पाचव्या महिन्यापर्यंत पोट सांभाळत ओंडक्यांवरून चढउतार तिने केली. मग संस्थेच्या प्रमुख, मोठ्या बाई, यांनी तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि तुकडे नव्याने आलेल्या मुलीकडे दिले. सांभाळायला. देऊन टाकायला नव्हेत, असं ती स्वतःला रोज एकदा तरी सांगायची.

नवीला सगळे खारुताई म्हणायचे. आडव्या पडलेल्या खोडांवरून ती दोन्ही हात पसरून सुरसुर पळत जाते, असं म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी की ते हिने पाहिलं नव्हतं, नवऱ्याने सांगितलं होतं. नवरा जंगलात मोजणी करणाऱ्या तिच्याच टोळीत होता. झाडांची उंची आणि शेंड्यांची मोडतोड टिपायचं काम त्याचं. महिन्यातले निम्मे दिवस तो आणि खारुताई जंगलात, आणि ही इथे, कांड्या वाळवत.

“वहिनी, या वेळच्या जरा ओल्या आहेत हं,” खारुताई दारातूनच सांगायची. बुटांवर चिखल, गुडघ्यावर खरचटलेलं, मानेवर डासांच्या गांधी. आणि वहिनी. या इमारतीत जिने सगळ्यांच्या आधी झाडाला टेप लावली, ती आता दादांची बायको म्हणून वहिनी झाली होती. नवऱ्याला खारुताई दादा म्हणायची. दादा म्हणण्याने काही सिद्ध होत नाही, असं हिचं मत होतं. दादा म्हणायला कोणाच्या बापाचं काय जातं.

ती काही मूर्ख नव्हती. आपल्याला होतंय त्याला काय म्हणतात ते तिला माहीत होतं. लेक ठमी रात्री पडल्यापडल्या दूध प्यायची, तेव्हा तिच्या श्वासाकडे कान लावून, नाडीवर बोट ठेवून, ही मनातल्या मनात त्या गुडघ्यावरच्या खरचटण्याचा विचार करत असायची. कुठे लागलं असेल? ओढ्याच्या उतारावर? तिथे निसरडं होतं. तिथे हात कोणी दिला असेल?

मग ते लेबल आलं.

प्रत्येक कांडी एका नळकांड्यात असते आणि नळकांड्यावर चिकटपट्टीचं लेबल. तुकड्याचा नंबर, झाडाचा नंबर. चौथ्या तुकड्याच्या खोक्यातल्या काही लेबलांच्या कोपऱ्यात हिरव्या शाईत, खारुताईच्या गोल गोल अक्षरात, आणखी एक अक्षर होतं. ‘पो.’

ती स्टुलावर बसली.

यामागे एक गोष्ट होती, आणि ती दोघांचीच होती. पूर्वी ती घेर मोजायची आणि आकडा ओरडून सांगायची, आणि तो लिहिण्याआधी तोच आकडा मोठ्याने परत म्हणायचा, म्हणजे ऐकण्यात चूक व्हायला नको. जंगलात सगळे असंच करतात. पण हा म्हणायचा ते तिच्याच सुरात, तिच्याच हेलात, शेवटच्या अक्षराला तीच ओढ देऊन. तिसऱ्या दिवशी ती चिडून म्हणाली, “माणूस आहेस की पोपट?” त्यावर तो तिच्याच सुरात म्हणाला, “माणूस आहेस की पोपट?” तेव्हा अजून लग्न व्हायचं होतं, ठरायचंही होतं. पुढे लेबलाच्या कोपऱ्यात, आकडा परत म्हणणाऱ्याची खूण म्हणून, ती ‘पो.’ लिहायला लागली. विचारलं असतं कोणी तर सांगितलं नसतं. विचारलंच नाही कोणी.

आणि आता ते अक्षर हिरव्या शाईत.

तिने सगळी नळकांडी टेबलावर मांडली. सगळ्यांवर ‘पो.’ नव्हता. होता तो फक्त दांडग्या झाडांवर, आणि ही दांडगी झाडं बहुतेक सगळी ओढ्याच्या पलीकडे, तुकड्याच्या लांबच्या टोकाला. म्हणजे टोळी अलीकडे काम करत असताना ही दोघंच पलीकडे. तिने त्या कांड्या बाहेर काढल्या, आणि मग तिला दुसरी गोष्ट दिसली. ‘पो.’वाल्या कांड्या आखूड होत्या. गाभ्यापर्यंत पोचलेल्याच नव्हत्या. कुठे वीतभर, कुठे त्याहून कमी, आणि टोकाला तुटलेल्या, चुरा झालेल्या.

गिरमिट चालवताना लक्ष दुसरीकडे असलं की कांडी तुटते. हसताना हात हलला तरी तुटते. हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

संध्याकाळी नवरा ठमीला पोटावर बसवून घोडा घोडा करत होता. तिने कपड्यांच्या घड्या घालता घालता, अगदी सहज विचारलं, “हल्ली आकडा परत कोण म्हणतं रे तुमच्याकडे?”

“आकडा? कोणी नाही. खारुताईने मोबाईलमध्ये आवाज भरायचं काढलंय. बोलायचं आणि पुढे जायचं. वेळ वाचतो.”

“असं?”

“हो. का?”

“काही नाही. अंगठा काढ तिच्या तोंडातून.”

खोटं बोलतोय. तेही इतक्या सहज, मुलीला खेळवता खेळवता. सासूबाई पलीकडे शेंगा सोलत होत्या. त्या एकदा हिच्याकडे, एकदा घड्या घातलेल्या कपड्यांकडे बघून म्हणाल्या, “तो सदरा तू तिसऱ्यांदा घडी घालते आहेस. इस्त्री झाली असेल त्याला आता.”

पुढचे दिवस तिने कांड्यांना वाहून घेतलं. आखूड कांडीवरूनही दाटपणा निघतो, थोडा कच्चा, पण निघतो. तिने तो काढला. घेर आणि उंचीवरून घनफळ काढलं, गुणलं, बेरीज केली. आकडा आला तो एवढा मोठा होता की तिने पुन्हा केला. तेवढाच आला. चौथ्या तुकड्यातली ती थोडकी दांडगी झाडंच अर्ध्याहून जास्त वजन पेलून उभी होती. तोडलेल्या जंगलाचा तुकडा, आणि वजन न तोडलेल्या जंगलाहून जास्त.

मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावर सारला. “म्हणजे लाकूडवाले झाडं घेऊन गेले की आणून ठेवून गेले?”

ती याच प्रश्नाची वाट बघत होती. तिने आखूड कांड्यांचा ट्रे पुढे केला. आवाज शक्य तितका दुःखी ठेवला. “बाई, मला कोणाबद्दल वाईट बोलायचं नाही. पण कांड्या बघा. मोडलेल्या आहेत. मोठ्या झाडांच्याच. गिरमिट नीट चाललेलं नाही. कांडीच अशी, तर घेर तरी कसा घेतलाय कोणास ठाऊक. शिकते आहे अजून, लहान आहे.”

खारुताई तिच्यापेक्षा लहान होती ती जेमतेम दोन वर्षांनी.

मोठ्या बाईंनी एक कांडी बोटात धरून फिरवली. “मग काय म्हणणं आहे तुझं?”

“परत घ्याव्या लागतील. मी जाते.”

“ठमी?”

“सासूबाई आहेत. वरचं खाते ती आता.”

बाईंनी कांडी ट्रेमध्ये परत ठेवली. मग म्हणाल्या, “बघ, पुढच्या हंगामात तुकडे वाढणार आहेत. जंगलाचा सगळा कारभार एकीच्या हातात द्यायचाय मला, दोन दोन डोकी नकोत. खारुताईचं जवळपास ठरवलं होतं. आता हे तू म्हणतेस. जा, बघून ये, आणि मला फोन कर. जिच्या आकड्यावर मला शांत झोप लागेल ती करेल कारभार.”

ती बाहेर आली तेव्हा तिचे कान गरम झाले होते. जवळपास ठरवलं होतं. सांभाळायला दिलेलं पोर परस्पर दत्तक जात होतं, आणि तिला कोणी कळवलंही नव्हतं.

निघायच्या दिवशी ठमी रडली नाही. तिने दारात थांबून पाहिलं, जरा जास्तच थांबून. ठमी आजीच्या कडेवर बसून आजीच्या माळेचे मणी तोंडात घालण्यात गुंग होती. “जा ग बाई,” सासूबाई म्हणाल्या. “ती रडायची वाट बघत राहिलीस तर गाडी जाईल.”

खारुताईला एवढंच सांगितलं होतं की मोठी झाडं एकदा तपासून यायची आहेत. गाडीत ती पुढे बसली, कारण रस्ता तिला माहीत होता. रस्ता हिलाही माहीत होता. पण पावसात पूल वाहून गेल्यापासून नवा फाटा झाला होता, तो मात्र नव्हता माहीत. “इथून डावीकडे, दादा,” खारुताई म्हणायची आणि नवरा डावीकडे वळायचा. मागच्या सीटवर गिरमिटाच्या पेटीवर हात ठेवून ती बसली होती. खारुताईने मागे वळून आल्याच्या वड्यांची पुडी पुढे केली. “वहिनी, घाटात मळमळत असेल तर.” मळमळत होतं. तिने नको म्हटलं.

जंगलात पाऊल टाकल्यावर मात्र थोडा वेळ ती सगळं विसरली. तो अंधूक हिरवा उजेड, वरून सतत काहीतरी टपटपत असलेलं, ओंडके ओढून नेलेल्या वाटांवर आता माणसाच्या उंचीचं रान. तिने ठोकलेले पत्र्याचे नंबर सालीत अर्धे रुतले होते. झाडं जाड झाली होती तिच्याशिवाय. एका नंबरावरून तिने अंगठा फिरवला. पलीकडे खारुताई त्याच वेळी एका आडव्या खोडावरून हात पसरून पळत गेली, आणि खरंच, सुरसुर. ते बघायला छान होतं. बाळंतपणानंतर हिचे गुडघे असे झाले होते की खोड आलं की ती आधी बसायची, मग पाय पलीकडे टाकायची, मग उठायची. नवऱ्याने हात पुढे केला.

“तिला देतोस का हात?” ती हळूच म्हणाली.

“कोणाला?”

“जाऊ दे.”

ओढा ओलांडून ती पहिल्या दांडग्या झाडाशी आली. लेबलावर ‘पो.’ होता त्यातलंच हे एक. बुंध्याला भिंतींसारखी आधारमुळं पसरलेली, त्यांच्या वर सरळ गेलेलं खोड, आणि शेंडा कुठे आहे ते मान मोडली तरी दिसू नये. एवढं थोरलं झाड लाकूडवाल्यांच्या कुऱ्हाडीतून कसं सुटलं, हा प्रश्न तिच्या मनात आलाही असता. पण मनात जागा नव्हती.

“मी करू का, वहिनी? वर चढून लावावं लागतं, मुळांच्या वर,” खारुताई म्हणाली.

“मला माहीत आहे कुठे लावायचं.”

नवऱ्याने शिडी धरली. ती चढली, गिरमिटाचं टोक सालीला टेकवलं आणि पूर्ण भार टाकून फिरवायला लागली. लाकूड चिवट होतं. छाती दुधाने जड झालेली, प्रत्येक फेऱ्याला कळ जात होती. तिला ते बरं वाटलं. तिने कोणाकडे पाहिलं नाही. हसली नाही, हात हलू दिला नाही, दांडा सरळ, फेरा सारखा. अशी कांडी निघेल की मोठ्या बाई ती टेबलावर शोभेला ठेवतील.

वीतभर आत गेल्यावर गिरमिट एकदम ढिलं पडलं.

तिला वाटलं हात सुटला. पण हात दांड्यावरच होता. दांडा मात्र गरागरा फिरत होता, पलीकडे काही धरायलाच नसल्यासारखा. मग नळीतून तपकिरी पाण्याची एक धार आली, तिच्या बाहीवर, आणि त्याबरोबर बंद कोठीत येतो तसा कुबट वास. तिने कांडी ओढून काढली. वीतभर. टोकाला काळपट, मऊ, चुरा होत असलेली.

खालून खारुताई म्हणाली, “हे पण. ओढ्यापलीकडची मोठी सगळी पो.च आहेत.”

ती शिडीवरच होती. “पो. म्हणजे?”

“पोकळ.”

वर कुठेतरी एक पक्षी एकच सूर लावून बसला होता.

“पोकळ, वहिनी,” खारुताईने पुन्हा सांगितलं, आता जरा घाबरून. “म्हणून तर लाकूडवाल्यांनी सोडली. ठोकून बघतात ते, बद्द वाजलं की पुढे जातात. मी लेबलावर लिहिलं होतं ना. कांडी जेवढी येते तेवढीच भिंत, आत काही नाही. तुम्ही लांबी मोजता ना कांडीची, म्हणून वेगळं लिहिलं नाही मी, म्हटलं वहिनींना कळेलच. पूर्ण शब्द लिहायला हवा होता का? लेबल लहान असतं हो.”

कळायलाच हवं होतं. तिच्या हातात होतं सगळं. तिने प्रत्येक कांडीची लांबी मोजली होती, आणि मग प्रत्येक झाडाचं घनफळ सालीपासून सालीपर्यंत भरीव धरलं होतं. हवेला लाकडाच्या दाटपणाने गुणलं होतं. लाकूडवाल्यांनी नाकारलेली झाडं जमवून तिने जंगल श्रीमंत केलं होतं. तोडलेल्या जंगलात मोठं झाड उभं दिसलं की ते का सोडलं असेल हे आधी विचारायचं, एवढं तर ती स्वतः नव्या पोरांना शिकवत आली होती.

“मग तुम्हाला काय वाटलं, पो. म्हणजे?” खारुताईने विचारलं. खरोखर जाणून घ्यायचं म्हणून.

ती खाली उतरली. नवऱ्याने शिडी सोडली नव्हती. त्याने आधी तिच्याकडे, मग हातातल्या कांडीकडे, मग परत तिच्याकडे पाहिलं, आणि तिला स्पष्ट दिसलं की त्याच्या डोक्यात आता उजेड पडतोय. हळूहळू, कानापर्यंत लाल होत. त्याने उंचीचं यंत्र डोळ्याला लावलं आणि अगोदरच मोजलेल्या झाडाची उंची बराच वेळ मोजली.

दिवसभर तिने बाकीची झाडं पाहिली. एकही सोडलं नाही. कदाचित एखाद्या ठिकाणी खारुताई चुकली असेल, एखादी कांडी खरंच हलगर्जीपणाने तुटली असेल, अशी आशा तिला शेवटच्या झाडापर्यंत होती. चुकली नव्हती. उलट दुपारी खारुताई स्वतःचा डबा सोडून तिच्यासाठी आडोसा करायला दोन झुडपांत चादर बांधत होती. “दूध काढायचं असेल ना, वहिनी? माझ्या बहिणीला दगडासारखं व्हायचं.” चादरीच्या आड बसून ती दूध काढून पाल्यावर सांडत राहिली. या पोरीच्या चांगुलपणाचासुद्धा तिला राग येत होता. निदान थोडं तरी वाईट असायचं तिने.

मुक्कामाच्या खोलीच्या ओसरीवर ती बुटांवरचा चिखल खरवडत असताना नवरा शेजारी येऊन बसला. खारुताई ओढ्यावर गिरमिट धुवायला गेली होती.

“विचारायचंस मला,” तो म्हणाला.

“काय विचारणार? ती तुला पोपट म्हणते का, असं?”

“मला कोणी पोपट म्हणत नाही इथे. दादा म्हणते. तेही कामाचं असलं की. नाहीतर, ‘अहो, यंत्र ओलं होतंय’.”

तिला हसू येता येता राहिलं. “मला वाटलं पलीकडे तुम्ही दोघंच असता.”

“असतो की. ती एका झाडाला, मी दुसऱ्या झाडाला. मध्ये जळवा.” त्याने पायावरची एक काढून लांब टाकली. “एवढ्यासाठी जंगलभर फिरवलंस सगळ्यांना?”

“एवढ्यासाठी नाही,” ती म्हणाली. मग जळू पडली तिकडे बघत, “तिच्या पायाला जळू लागते ना, त्याचाही हेवा वाटतो रे मला. तू घरी येऊन सांगतोस, आज ओढ्याला पाणी होतं, आज अमुक झाडाला फळं आली, आणि मी ठमीच्या लंगोटांच्या घड्या घालते. ते तुकडे माझे आहेत.”

“मग लावून घे एक. इथे कमी नाहीत जळवा,” तो म्हणाला, पण मऊ आवाजात. आणि पायावर दुसरी जळू शोधायला लागला. तिला त्याच्याकडून आणखी काही नको होतं.

फोनला रेंज यायची ती वरच्या वळणावर, एका कापलेल्या बुंध्यावर उभं राहिलं तर. तिने आधी घरी लावला.

“रडली का?”

“कशाला रडेल? पोटभर जेवली, दुपारी झोपली, आता माझ्या पदराला धरून उभी आहे. एक पाऊल टाकल्यासारखं केलं मघाशी,” सासूबाई म्हणाल्या.

“पाऊल?”

“टाकल्यासारखं केलं म्हटलं. टाकलं नाही. तू आल्यावर टाकेल.” सासूबाईंना खोटं बोलता येत नसे. बुंध्यावर उभ्या उभ्या तिला पुन्हा तेच टोचलं. एका दिवसात दोन ठिकाणी.

मग तिने मोठ्या बाईंना लावला. बोटाने फोनच्या कडेवरचा चिखल खरवडत तिने सांगून टाकलं, थांबली असती तर जमलं नसतं म्हणून घाईघाईने. कांड्या मोडलेल्या नाहीत. झाडं पोकळ आहेत. खारुताईने तसं लिहिलं होतं. घेर बरोबर, उंची बरोबर. तुकड्याचं वजन खूप खाली येईल.

“चूक कोणाची?” बाईंनी विचारलं.

“माझी. लेबल चुकीचं वाचलं.”

“काय वाचलंस?”

“दुसरंच काहीतरी.”

मोठ्या बाई पन्नाशीच्या पुढच्या होत्या, त्यांनी दोन मुलं आणि एक संस्था वाढवली होती, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. “बरं झालं आता कळलं,” त्या म्हणाल्या. “तो आकडा बाहेर गेला असता तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती. मग कारभाराचं तूच सांग. काय करू?”

‘तिला नको, मला द्या’ असं म्हणता आलं असतं. दोघी मिळून बघू, असं गुळमुळीत काहीतरी म्हणता आलं असतं, आणि बाईंनी ते ऐकूनही घेतलं असतं. खाली ओढ्यावर खारुताई दगडावर उकिडवी बसून गिरमिटाच्या नळीतून तार फिरवत होती. आपण पूर्वी फिरवायचो तशीच, दोनदा आत, एकदा बाहेर.

“तिलाच द्या,” ती म्हणाली. “पण मला ओव्हनच्या खोलीत नका ठेवू. मला तिच्या टोळीत घ्या. तिच्या हाताखाली.”

“तुझ्याहून लहान आहे ती.”

“माहीत आहे.”

“आणि ठमी?”

“ठमी चालायला लागली, बाई. मी नसताना.”

बाईंनी हुंकार दिला. हो म्हणायची त्यांची तीच पद्धत होती.

ती उतरून ओढ्यावर आली. खारुताईने नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटून आरपार पाहिलं. तिला अजून काहीच माहीत नव्हतं. ते सांगायचं कामही हिच्याच वाट्याला आलं होतं.

“बाईंशी बोलले,” ती म्हणाली. “पुढच्या हंगामापासून कारभार तुझ्याकडे. मी तुझ्या टोळीत असेन.”

खारुताईच्या हातातली तार थांबली. चेहऱ्यावर आनंद आला तो तिने पटकन लपवला, पण हिची नजर तयारच होती, तिला दिसला. “मी तुम्हाला काम कसं सांगणार, वहिनी?”

“तोंडाने. उद्या कधी निघायचं?”

“तुम्ही म्हणाल तेव्हा.”

“मी नाही म्हणायचं. तू.”

खारुताईने थोडा विचार केला. मान वर करून ढगांकडे पाहिलं, आणि मग, आवाज जरासा वेगळा काढून, म्हणाली, “उजाडायच्या आत. पाचव्या तुकड्याची चढण उन्हाच्या आधी संपवायची. आणि हे बूट नकोत, वहिनी. तळ झिजलाय त्यांचा, मघाशी घसरलात दोनदा. माझा जादा जोड आहे, तो घाला.”

घसरलेलं कोणी पाहिलं नसेल असं तिला वाटलं होतं. छातीत ते सुईसारखं पुन्हा एकदा फिरलं, आत, खोलवर. ते उद्याही असणार होतं, चढणीवर, परवाही. तिने ओल्या दगडाला टेकून आपले बूट काढले आणि खारुताईचे पायात घालून पाहिले. अंगठ्याशी थोडे घट्ट होत होते.

“होतायत का?” खारुताईने विचारलं.

“होतील,” ती म्हणाली, आणि नाड्या ढिल्या करायला वाकली.